टेक्नो परत एवढं का वाजतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत टेक्नोबद्दल विचारणारे लोक खूप वाढलेत. आधी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर द्यायचो, आता सगळं एकत्र लिहून टाकतोय. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबलचक झालंय, चालवून घ्या.

ईडीएम आणि टेक्नो एकच ना?

नाही. ईडीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, त्यात हाऊस, ट्रान्स, ड्रम अँड बेस, डबस्टेप सगळंच येतं, टेक्नो हा त्यातला एक प्रकार. घोळ कुठे झाला तर २०१० नंतर अमेरिकेत मोठमोठ्या स्टेजवर जे वाजायचं, म्हणजे आधी गोड गाणं मग चढत जाणारा बिल्डअप मग धाडकन ड्रॉप, त्यालाच लोक ईडीएम म्हणायला लागले आणि टेक्नोवाले मग सांगत सुटले की आमचं ते नव्हेच.

टेक्नोत चारही मात्रांवर किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका पडतो, स्पीड साधारण १२५ ते १४० बीपीएम (मिनिटाला एवढे ठोके), गाणं जवळपास नसतंच आणि ड्रॉपची वाट बघायला लावणं हा त्याचा मुद्दाच नाही. आवाज हळूहळू बदलत जातो आणि तुम्ही त्यात शिरता.

गणपतीत डीजे लावतात ते पण टेक्नोच का?

नाही हो. तिथे बहुतेक गाण्यांचे रिमिक्स असतात, खाली तगडा बेस आणि वर हलगी, संबळ, ढोलकीचे सॅम्पल. ती वेगळी आणि फार मोठी दुनिया आहे, तिचे स्वतःचे स्टार आहेत. दोन्हीकडे भिंतीएवढे स्पीकर असतात एवढंच साम्य.

हे जर्मनीतून आलं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर नीट दिलंच पाहिजे. नाही, टेक्नो आलं अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधून, आणि ते घडवलं काळ्या तरुणांनी. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन, तिघं डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावातल्या शाळेतले दोस्त. रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा डीजे एकाच कार्यक्रमात प्रिन्स, फंक आणि जर्मनीचा क्राफ्टवेर्क बँड लावायचा, ते ऐकत ही पोरं मोठी झाली. ॲटकिन्सने १९८१ मध्येच सायबोट्रॉन नावाने पहिली रेकॉर्ड काढली होती, १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे स्वतःचं रेकॉर्ड लेबल सुरू केलं. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, शहर रिकामं होत होतं आणि हे लोक सेकंडहँड ड्रम मशीनवर भविष्याचे आवाज शोधत होते. रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन बघा, १९८३ मध्ये आलं, फार विकलं गेलं नाही म्हणून कंपनीने लवकरच बंद केलं, मग स्वस्तात मिळायला लागलं, आणि आज जी किक ऐकून तुम्ही नाचता ती एक तर त्याच मशीनची असते नाहीतर तिची नक्कल.

टेक्नो हे नाव जगभर गेलं ते १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनामुळे, त्यात डेट्रॉइटचे हे सगळे लोक होते. त्याच सुमारास साँडरसनच्या इनर सिटी ग्रुपची गाणी ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये पोचली. आणि अमेरिकेत? अमेरिकेत फारसं कोणी विचारलं नाही. पुढे तर तिथल्या बऱ्याच लोकांना हे गोऱ्या युरोपियनांचंच म्युझिक वाटायला लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून जर्मनीचा प्रश्न आला की मी आधी डेट्रॉइट सांगतो.

मग बर्लिनचं एवढं नाव कसं झालं?

जागा. माझं ठाम मत आहे की टेक्नोची लोकप्रियता कळायला आधी जागा बघायच्या, मग गाणी. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये कारखाने, गोदामं, वीजघरं, दुकानं अशी कितीतरी ठिकाणं रिकामी, मालक कोण ते कोणालाच धड माहीत नाही, भाडं नगण्य, पोलिसांना दुसरी शंभर कामं. पूर्वेची आणि पश्चिमेची पोरं पहिल्यांदा एकत्र आली ती बऱ्याच अंशी या नाचायच्या जागांमध्येच.

ट्रेझॉर क्लब मार्च १९९१ मध्ये सुरू झाला तो जुन्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत. छत बुटकं, जाड लोखंडी गज, भिंतीला गंजलेल्या लॉकर्सच्या रांगा, धूर इतका की शेजारचा माणूस दिसत नाही, मध्येच स्ट्रोब लाइट. अशा खोलीत गोड गाणं लावून बघा, चालणारच नाही, तिथे कडक, कोरडा, मशीनचा आवाजच शोभतो. आणि तो आवाज आला डेट्रॉइटहून. माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या ग्रुपची एक्स-१०१ नावाने निघालेली रेकॉर्ड हीच ट्रेझॉर लेबलची पहिली रेकॉर्ड. म्हणजे डेट्रॉइटने संगीत दिलं, बर्लिनने जागा आणि माणसं दिली.

लव्ह परेड एवढी मोठी होती तर बंद का पडली?

ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढे जे जे झालं ते सगळं यात आधीच दिसतं.

जुलै १९८९, भिंत अजून उभी, डॉक्टर मोटे नावाच्या डीजेने पश्चिम बर्लिनमध्ये मिरवणूक काढली, शे-दीडशे माणसं. नोंदणी राजकीय निदर्शन म्हणून केली होती, शांतता, आनंद वगैरे मागण्या. ही नोंदणी नुसती गंमत नव्हती, निदर्शन असलं की रस्ता साफ करायचा खर्च शहराने करायचा असतो. दहा वर्षांत, १९९९ पर्यंत, गर्दी सुमारे १५ लाखांवर गेली. ट्रकवर स्पॉन्सर, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, चार्टमध्ये पोरकट टेक्नोची गाणी. जुने लोक हळूहळू बाहेर पडले. मग २००१ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च पातळीच्या कोर्टाने सांगितलं की हे निदर्शन नाही, हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. झालं, कचऱ्याचा आणि बंदोबस्ताचा खर्च आयोजकांच्या गळ्यात. २००४ आणि २००५ ला परेड निघालीच नाही. नंतर एका जिमच्या साखळीने पैसे घातले, परेड बर्लिन सोडून दुसऱ्या शहरांत फिरायला लागली आणि २०१० मध्ये डुइसबुर्गला आत-बाहेर जायच्या एकाच वाटेवर चेंगराचेंगरी होऊन २१ जण दगावले. त्यानंतर लव्ह परेड कायमची थांबली. त्या २१ जणांमध्ये कोणी म्युझिकसाठी लांबून आलेलं होतं, कोणी सहज मजा म्हणून आलेलं. मोठ्या फेस्टिव्हलला गेलात की बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते आधी बघून ठेवा, मी नेहमी बघतो.

२०२२ पासून मोटेंच्याच पुढाकाराने बर्लिनमध्ये रेव्ह द प्लॅनेट नावाने पुन्हा परेड निघते.

ट्रान्सने टेक्नोला मागे टाकलं होतं का?

हो, चांगलंच. डीजे मॅग मासिकाचं दरवर्षीचं मतदान बघा. त्या यादीवर भांडणं खूप होतात आणि ती गुणवत्ता मोजत नाहीच, पण वारा कुठला वाहतोय ते कळतं. १९९६ आणि १९९७ ला पहिला नंबर कार्ल कॉक्सचा, म्हणजे टेक्नो-हाऊसवाला माणूस. २००२ ते २००४ सलग तीन वर्षं टिएस्टो, ट्रान्स. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला तोच वाजवत होता. मग पॉल व्हॅन डाइक, मग आर्मिन व्हॅन ब्यूरेन. २०११ ला डेव्हिड गेटा, आणि तिथून मोठ्या स्टेजचा ईडीएम.

का झालं असं? ट्रान्समध्ये चाल असते, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही लगेच पकडता येते, स्टेडियममध्ये पन्नास हजार लोकांना एकदम हात वर करायला लावता येतात. टेक्नो तसं सोपं नाही, ते बंद खोलीत, अंधारात, तासन् तास ऐकायचं. भाऊगर्दी ट्रान्सकडे गेली ते साहजिकच होतं.

तेव्हा टेक्नो मेलं होतं?

छे. उलट माझ्या मते त्याचा सगळ्यात कल्पक काळ तोच. रॉबर्ट हूडने १९९४ मध्येच सगळा फापटपसारा काढून टाकलेलं मिनिमल टेक्नो करून दाखवलं होतं, त्याची लाट आली २००० नंतर. रिची हॉटिन आणि रिकार्डो व्हिलालोबोस हे डीजे, कोलोनचं कॉम्पाक्ट लेबल. एक किक, एक टिचकी, कुठेतरी लांबून आलेला घोगरा आवाज, बास. सोबत दोन गोष्टी घडल्या, त्या म्युझिकच्या नव्हत्याच. एक म्हणजे सॉफ्टवेअर, बर्लिनच्या एबलटन कंपनीचं लाइव्ह २००१ ला आलं, मग ट्रॅक बनवायला मशीनने भरलेली खोली लागेना. दुसरी म्हणजे स्वस्त विमानं. लंडन-माद्रिदची मुलं शुक्रवारी बर्लिनला उतरायची, सोमवारी परत ऑफिसात. बर्लिनचा बर्गहाइन क्लब २००४ ला एका जुन्या वीजघरात सुरू झाला तो या काळात. तिथे दारावर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, आत फोटो नाही म्हणजे नाही. आणि २०१६ मध्ये कोर्टाने मान्य केलं की तिथले कार्यक्रम हे संगीताचे कार्यक्रमच आहेत, म्हणून १९ टक्क्यांऐवजी ७ टक्के कर. लव्ह परेडला एक न्याय आणि या क्लबला वेगळा, दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत ईडीएमची लाट आली तेव्हा टेक्नोच्या जन्मगावाला, डेट्रॉइटला काही फायदा झाला का?

थेट फारसा नाही. २०१० ते २०१४ पैसा लास वेगासकडे वाहत होता, एसएफएक्स नावाच्या कंपनीने फेस्टिव्हल विकत घेतले, २०१३ ला बीटपोर्ट हे डीजेंचं गाणी विकत घ्यायचं दुकानही घेतलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. डेट्रॉइटला मात्र २००० सालापासून नदीकाठच्या हार्ट प्लाझामध्ये मे महिन्यात फेस्टिव्हल होतो, आता त्याला मूव्हमेंट म्हणतात. दुनिया कुठेही जावो, तो आपला चालूच आहे.

मग टेक्नो परत वर आलं कसं?

एक कारण नाही. ईडीएम ऐकून ऐकून कंटाळलेली मुलं मोठी झाली आणि काहीतरी गडद शोधायला लागली, हे एक. व्हिडिओ हे दुसरं, आणि मला वाटतं हेच मोठं. २०१० ला लंडनमध्ये सुरू झालेल्या बॉयलर रूम या ऑनलाइन कार्यक्रमाने डीजेच्या अगदी समोर कॅमेरा लावला, लोक मागे नाचतायत आणि तुम्ही घरी बसून तास-तासभर सेट, म्हणजे डीजेचं सलग वाजवणं बघताय. जे म्युझिक अंधारात, फोन बंद ठेवून ऐकायचं म्हणत होतो तेच स्क्रीनवरून पसरलं. सांगलीतल्या नाहीतर अकोल्यातल्या मुलाला टेक्नो पहिल्यांदा भेटतं ते यूट्यूबवर, क्लबमध्ये नाही.

मग बेल्जियममधून शार्लट दे विटे आणि अमेली लेन्स या टेक्नो डीजे आल्या. २०२० ला डीजे मॅगच्या पर्यायी यादीत, जी हाऊस-टेक्नोवाल्यांसाठी वेगळी काढलीय, शार्लट पहिली आली. आणि २०२२ ला बेल्जियमच्या टुमॉरोलँड फेस्टिव्हलच्या मेन स्टेजचा शेवटचा सेट तिने वाजवला. ज्या स्टेजवर वर्षानुवर्षं ईडीएमची आतषबाजी चालायची तिथला शेवटचा सेट टेक्नोचा! मला तो दिवस महत्त्वाचा वाटतो. ॲनिमा नावाच्या डीजेने २०२४ च्या शेवटी लास वेगासच्या स्फिअर सभागृहात शो केले, ते मेलडीवालं टेक्नो आणि अवाढव्य स्क्रीन, तिकडे काहीजण फक्त शूट करायला जातात हेही खरं.

हार्ड टेक्नो हे खरं टेक्नो आहे का? सगळे शिव्या घालतात.

आहे. कोरोनानंतर क्लब उघडले तेव्हा जी अठरा-वीस वर्षांची पिढी आत आली ती आधी कधी क्लबमध्ये गेलीच नव्हती, दोन वर्षं घरात कोंडलेली, तिला १२८ बीपीएमचा धीर कुठला असणार. स्पीड १४५-१५०-१६० वर गेला. त्यात भर म्हणजे रील्स. पंधरा सेकंदांत सहा मिनिटांचा संथ ट्रॅक दाखवता येत नाही, पण एक ब्रेक आणि मग दणदणीत किक बरोबर बसते.

जुने लोक म्हणतात वाट लागली. मला तसं वाटत नाही. नव्वदच्या दशकात हॉलंडमध्ये, फ्रँकफर्टमध्ये यापेक्षा वेगवान वाजत होतंच, आणि वीस वर्षांच्या पोरांनी पन्नाशीच्या माणसांसारखं नाचावं ही अपेक्षाच चुकीची. माझी तक्रार दुसरी आहे. फेस्टिव्हलमध्ये डीजेला तास-दीड तासच मिळतो, त्यामुळे प्रत्येकजण पहिल्या मिनिटापासून टॉपला. टेक्नोचा सेट चढायला वेळ लागतो, तीन तास, चार तास. तो वेळ काढून घेतला तर उरतो नुसता वेग.

बीटपोर्टचा चार्ट बघून लोकप्रियता कळते का?

अर्धवट. तिथे मुख्यतः डीजे गाणी विकत घेतात, सामान्य श्रोते नाही, त्यामुळे यादी सांगते ती डीजेंची आवड. शिवाय खानेच बदलत जातात. मेलडीवाल्या हाऊस-टेक्नोला वेगळा खाना झाला, नंतर मूळ टेक्नोचेही दोन भाग केले, एक मोठ्या स्टेजचं आणि एक रॉ, डीप, हिप्नॉटिक. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं टेक्नो आणि आत्ताचं टेक्नो आकड्यांनी मोजून कमी-जास्त म्हणता येत नाही.

सगळं एकसारखंच वाटतं, काय ऐकायचं त्यात?

ढोल-ताशा पथकासमोर उभं राहून ढोल सोडून फक्त ताशाकडे कान दिलाय कधी? तसं करा. किक चालूच राहणार, तिला सोडून द्या. दोन किकच्या बरोबर मध्ये ‘त्स’ असा हाय-हॅट येतो, तो उघडा आहे का मिटलेला ते ऐका. टाळीचा आवाज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मग आठ नाहीतर सोळा आवर्तनांनी काहीतरी एकच गोष्ट बदलते, एखादा आवाज जरा उजळ होतो किंवा बेस क्षणभर गायब. डीजे नवा ट्रॅक आत घेतो तेव्हा जुन्याचा बेस खाली आणि नव्याचा वर, हे नीट केलं तर सांधा कळत नाही. जेफ मिल्सने १९९५ ला टोकियोच्या लिक्विड रूममध्ये रेकॉर्ड केलेला सेट ऐका, रेकॉर्डवर रेकॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतो की श्वास घ्यायला जागा नाही, आणि तरी एक क्षण ठेका सुटत नाही.

आपल्याकडे काय परिस्थिती? गोवा तर ट्रान्सचं ना?

गोव्याची जगात ओळख गोवा ट्रान्सची, अंजुण-वागातोरच्या त्या पार्ट्यांमधून आलेली, आणि सायट्रान्स हा ट्रान्सचाच प्रकार तिथे आजही जोरात आहे. सनबर्न २००७ ला कांदोळीला सुरू झालं तेव्हा पहिल्याच वर्षी कार्ल कॉक्स होता, पुढे मात्र ते पूर्ण ईडीएमकडे वळलं, २०१६ ला पुण्याजवळ केसनंदलाही आलं. टेक्नो त्या सगळ्या वर्षांत छोट्या खोल्यांत टिकलं. दिल्लीचा जलेबी कार्टेल ग्रुप, त्यातला अर्जुन वागळे, किल्ला रेकॉर्ड्सवाला कोहरा, या लोकांनी ऐकणारे तयार केले. आता मुंबई, पुणे, गोवा तिन्हीकडे पोस्टरवर टेक्नो शब्द सर्रास दिसतो, कधीकधी आत गेल्यावर दुसरंच वाजतं तो भाग वेगळा.

आपल्याकडे मुख्य अडचण वेळेची. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, मुंबईत बंद खोलीतलाही बार साधारण दीडला बंद. बर्लिनमध्ये दीडला लोक घरातून निघतात. त्यामुळे आपल्याकडच्या डीजेला लांब सेट शिकायला जागाच कमी मिळते. मला वाटतं दुपारी चारला सुरू करावं, काही ठिकाणी करतातही, आणि उजेडात नाचायला लाज वाटते हे कारण सोडून द्यावं.

चरणजित सिंगांनी टेक्नोचा शोध लावला हे खरं का?

शोध लावला असं नको म्हणायला, पण गोष्ट भारी आहे आणि मुंबईची आहे. हिंदी सिनेमात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्को ठेक्यावर रेकॉर्ड केले. तेव्हा फार कोणी विकत घेतलं नाही. २०१० ला परदेशात ते पुन्हा निघालं आणि ऐकणारे थक्क झाले, कारण शिकागोच्या ॲसिड हाऊसचा तो सळसळता आवाज यात पाच वर्षं आधी होता. शिकागोवाल्यांनी किंवा डेट्रॉइटवाल्यांनी हे ऐकलं नव्हतं, दोन्ही स्वतंत्रपणे झालं. उतारवयात ते युरोपात जाऊन हे लाइव्ह वाजवून आले, २०१५ ला वारले. यमन तर रात्री हेडफोनवर ऐकाच.

ड्रग्जशिवाय मजा येते का?

येते. मी पाण्यावर नाचतो.

बर्लिनचे क्लब बंद होतायत, म्हणजे लाट ओसरली?

वॉटरगेट हा नदीकाठचा नामांकित क्लब २०२४ संपताना बंद झाला. भाडी वाढली, खर्च वाढला, वीकेंडला उडत येणारे पर्यटक कमी झाले, काही क्लबांच्या डोक्यावर ए-१०० महामार्ग वाढवायची टांगती तलवार आहे. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनचं टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. ऐकणारे कमी झालेले नाहीत, खोल्या महाग झाल्या. पूर्वी रिकाम्या पडलेल्या जागांमध्ये जे उभं राहिलं त्याच्यामुळेच त्या भागाला भाव आला आणि आता त्या भावामुळेच त्यांना निघावं लागतंय, हे डोळ्यांदेखत होतंय. दुसरीकडे जॉर्जियातल्या तिबिलिसीचा बासियानी क्लब बघा, फुटबॉल स्टेडियमच्या खाली, २०१८ ला पोलिसांनी धाड टाकली तर हजारो पोरं संसदेसमोर जाऊन नाचली. गर्दी सरकते, एका शहरातून दुसऱ्या शहरात.

पहिल्यांदा टेक्नोच्या कार्यक्रमाला चाललोय, काय घेऊन जाऊ?

इअरप्लग. कापसाचे बोळे नाही, म्युझिकसाठीचे मिळतात ते, त्यात आवाज बारीक होतो पण स्पष्ट राहतो. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं तर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि स्पीकरजवळ १०० सहज असतात. रात्री घरी आल्यावर कानात कुईं वाजत असेल तर पुढच्या वेळी दोन पावलं मागे उभे राहा. बूट जुने घाला, पाणी पीत राहा, आणि सुरुवातीचा डीजे चुकवू नका, रात्रीतला सगळ्यात छान सेट बऱ्याचदा त्याचाच असतो आणि तेव्हा समोर नाचायला जागाही असते.